पाणी सुटतं तेव्हा मूड कोण विचारतं?

प्रश्न : ताई, मी 33 वर्षांची, जुळे सोलापुरात राहते. मुलगी दुसरीत आहे. दोन वर्षांपूर्वी घरीच शेंगाचटणी आणि कडक भाकरी करून विकायला लागले. हुरूप आला की मी वेड्यासारखी काम करते. यंदा संक्रांतीच्या गड्डा जत्रेच्या आधी आठ दिवसांत 40 किलो चटणी केली. 26 किलो गेली, उरलेली मार्चपर्यंत खवट झाली. त्यानंतर दीड महिना उखळाला हात लावावासा वाटला नाही. मोबाइलवर यशस्वी लोकांची भाषणं ऐकते, पहाटे पाचला उठायचं ठरवते, चार दिवस जमतं. गेल्या वर्षभरात सगळी मिळून 110 किलो चटणी विकली. नवरा म्हणतो, तुझा धंदा म्हणजे वळीव. धंदा माझ्या स्वभावातच नाही का? पाकिटं सील करायचं मोठं मशीन घेतलं तर पुन्हा उत्साह येईल का?

उत्तर : तुला एकेरीच म्हणते, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची आहेस. नवऱ्याला सांग, सोलापुरात वळवाला कुणी नावं ठेवत नाही, आला तर बरंच वाटतं. पण वळवाच्या भरवशावर ज्वारी पिकत नाही, एवढं त्याचं खरं आहे.

आधी एक विचारते. तुझ्याकडे नळाला पाणी किती दिवसांआड येतं? आमच्या गल्लीत चार, कधी पाच. रात्री दोनला सुटलं तरी बाया उठतात, पिंपं भरतात, कळश्या भरतात, वरच्या टाकीला मोटार लावतात. अशा वेळी ‘आज मूड नाही’ म्हणालेली एकही बाई मी पाहिलेली नाही. पाण्याची वेळ आपल्या हातात नसते, आणि नाही भरलं तर पुढचे पाच दिवस काय होतं ते घरातल्या पोरांनासुद्धा ठाऊक असतं. तुझ्या चटणीला अशी वेळच नाही. तुला वाटेल तेव्हा ती होते, म्हणून वाटलं नाही की राहते. यात स्वभावाचा दोष मला तरी दिसत नाही.

माझी अम्मा विडी वळायची. (आमच्या घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी.) कारखान्यातून पान, तंबाखू, दोरा आणायचा, वळलेल्या विड्या मोजून द्यायच्या, वाईट निघाल्या त्या छाट. कामाची आवड आहे का, असं तिला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मांडीवरचं सूप फेकून मारलं असतं. पण रात्री भांडी घासून झाली की ती पान भिजवायची. भिजवलेलं पान सकाळी कातरावंच लागतं, परत वाळलं की तडकतं. सकाळी करायचं की नाही, हा निकाल तिनं रात्रीच लावलेला असायचा. त्या कष्टाचं कौतुक करायची माझी इच्छा नाही, मजुरी फार थोडी हातात पडायची. तेवढी पान भिजवायची युक्ती मात्र मी उचलली.

तीही ठेच लागल्यावरच. माझा शाळेच्या गणवेशांचा धंदा. आपल्या गावात हे काम किती चालतं, तुला माहीत आहे. सुरुवातीला माझंही तुझ्यासारखंच होतं. शाळा सुरू झाल्या की जुलैपासून दिवाळीपर्यंत नुसती सुस्ती, मग एप्रिलात अंगात आल्यासारखं काम. एका वर्षी जोशात एका शाळेची 1200 नगांची ऑर्डर घेतली. मे महिन्याचं ऊन, वीज जातेय, कारागीर गावाला. माल जुलैत दिला. शाळेनं पैसे कापले आणि पुढच्या वर्षी दारात उभं केलं नाही. त्या दिवाळीनंतर ठरवलं की रोज बारा नग. पांढरा शर्ट आणि निळी हाफ पँट बऱ्याच शाळांना चालते, म्हणून तेवढंच. कटिंग आदल्या रात्री, बॉबिन भरून मशीनवर लावलेली. सकाळी खुर्चीवर बसलं की पाय आपोआप चालतो. एप्रिल उजाडला तेव्हा कपाटात माल होता. आयुष्यात पहिल्यांदा मे महिन्यात आंबा चवीनं खाल्ला.

आता तुझ्या चटणीकडे. शेंगदाण्याला तेल असतं, कुटताना ते सुटतं, त्याचीच चव. पण तेच तेल दिवस गेले की खवट होतं. म्हणजे आठ दिवसांच्या झपाट्यात वर्षाचा माल करून ठेवायचा हा पदार्थच नाही. सोमवारी दोन किलो, गुरुवारी दोन किलो, एवढंच कर. रविवारी आणि बुधवारी रात्री दाणे निवडून परातीत, लसूण सोलून वाटीत, तिखट-मीठ-जिरं मोजून डब्यात. सोललेला लसूण म्हणजे तुझं भिजवलेलं पान. सकाळी मुलगी शाळेत गेली की दाणे मंद आचेवर भाज, साल पाखड, कुट, आणि पूर्ण गार झाल्याशिवाय पाकिटात भरू नकोस, घाम धरतो. चार किलो तुला फारच थोडे वाटतील. हिशेब कर. सणावारात, आजारपणात, माहेरी मिळून वर्षाचे चार आठवडे गेले असं धर. उरलेल्या 48 आठवड्यांत 192 किलो होतात. वेड्यासारखं काम करून तुझे झाले 110, शिवाय 14 फेकलेले.

हुरूप आला आणि दहा किलो करावीशी वाटली तर? करू नकोस. लोकांना हे पटत नाही, पण माझ्या मते चांगल्या दिवसाला लगाम घालणं जास्त अवघड. त्या दिवशी अंगातली सगळी रग काढलीस की पुढचे चार दिवस तू उखळाकडे बघत नाहीस. गड्ड्याची मोठी ऑर्डर हातात असेल तर गोष्ट वेगळी, पण तीही डिसेंबरपासून थोडी थोडी वाढवत न्यायची. गड्ड्याला नंदीध्वजाच्या उंच काठ्या पेलणारेसुद्धा अक्षता सोहळ्याच्या दिवशी पहिल्यांदा काठी उचलत नाहीत, आधी कितीतरी संध्याकाळी सराव चालतो.

कडक भाकरी जून ते सप्टेंबर बंद ठेव. सादळते, गिऱ्हाईक परत करतं, तू खचतेस.

तुझ्या पत्रात करण्याबद्दल बरंच आहे, विकण्याबद्दल एक ओळ नाही. मला शंका आहे, तू कुटण्यामागे लपतेस. मीही लपायचे. शाळेच्या ऑफिसात जाऊन हेडमास्तरांसमोर बसण्यापेक्षा आणखी चार शर्ट शिवणं सोपं वाटायचं. विजापूर रोडवरची तीन दुकानं धर, जास्त नकोत. दर गुरुवारी दुपारी चारला ताजी पाकिटं घेऊन जायचं, उरलेली जुनी परत आणायची, पैसे घ्यायचे, निघायचं. महिनाभर वार चुकवला नाहीस की दुकानदारच विचारेल, ‘ताई, या गुरुवारी आला नाहीत?’ तुझा नळ तिथं सुटला असं समज. पुण्याला नातेवाईक असतीलच. हुतात्मा एक्सप्रेसनं जाणारं कुणी ना कुणी असतं, त्यांच्या हातीही दर महिन्याच्या ठरलेल्या आठवड्यात पार्सल पाठव.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजच्या चौकोनात एकच आकडा लिही, विकलेली पाकिटं. शून्य असेल तर शून्य लिही, चौकोन रिकामा सोडू नकोस. ज्या सोमवारी अंगात त्राण नसेल त्या दिवशी अर्धा किलोच कर, पण कर. आणि एक विचारते, रागावू नकोस. तो दीड महिना झोप लागत होती ना? जेवण जात होतं? मुलीशी बोलावंसं वाटत होतं? सगळ्यावरूनच मन उडालं असेल तर वेळापत्रकाचं मागाहून बघू, आधी डॉक्टरांना दाखव. चौदा किलो चटणी फेकावी लागली की कुणालाही लागतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

भाषणं ऐकायचीच असतील तर लसूण सोलताना ऐक.

मोठं मशीन आत्ता नको. त्याचा हुरूप महिनाभर पुरेल, हप्ते मात्र दोन-तीन वर्षं जातील. आठवड्याचे चार किलो म्हणजे पाव किलोची सोळा पाकिटं. हातानं दाबायच्या साध्या सीलरवर अर्धा तासही लागत नाही. त्यापेक्षा पाकिटावर केल्याची तारीख आणि एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा खात्याचा, नोंदणी नंबर आहे का ते बघ. नसेल तर ते काम याच आठवड्यात ऑनलाइन करून टाक, घरगुती धंद्यालाही ती नोंदणी लागते. दसऱ्याला कॅलेंडरच्या पानांचे फोटो मला पाठव, मग मशीनचं बोलू.