शेतकऱ्यांच्या सर्वेचा डेटा आहे, कोणतं कोरिलेशन लावू?

तुम्ही लिहिलंय की 120 शेतकऱ्यांचा सर्वे केलाय, त्यात जमीन किती एकर, वर्षाचं उत्पन्न, ठिबक आहे की नाही, तालुका, आणि योजनेबद्दल समाधान 1 ते 5, तर सगळ्याला मिळून कोरिलेशनची, म्हणजे दोन गोष्टींचं नातं किती घट्ट ते मोजायची, कोणती एक पद्धत लावू. एक नाही चालणार. पद्धत अख्ख्या फाईलची ठरत नसते, दोन कॉलमच्या जोडीची ठरते.

जमीन आणि उत्पन्न घ्या. दोन्ही खरेखुरे आकडे, म्हणून लोक डोळे झाकून पिअर्सन, म्हणजे सरळ रेषेतलं नातं मोजणारं नेहमीचं कोरिलेशन, लावतात, पण आधी स्कॅटर प्लॉट (दर शेतकऱ्याचा एक ठिपका असा ग्राफ) काढाच, कारण बाकी सगळे 2 ते 5 एकरवाले आणि मध्येच एखादा 60 एकरवाला असला की तो एकटा रेषा आपल्याकडे ओढून घेतो. माझ्या एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये हेच झालं, आकडा मोठा आला म्हणून आम्ही खूश, आणि ती एक रो काढली तर नातं जवळपास गायबच झालं. संख्याशास्त्रज्ञ अँस्कमने 1973 मध्ये असे चार छोटे डेटासेट दिले होते, चारहींचं कोरिलेशन 0.816 च्या आसपास आणि ग्राफ मात्र चार तऱ्हेचे. तेव्हा इथे स्पिअरमनचं कोरिलेशन घ्या, त्याला एकर किती याच्याशी घेणंदेणं नाही, फक्त नंबर कितवा ते बघतो. पण पाऊस आणि उत्पादनासारखं नातं असेल, म्हणजे एका मर्यादेपर्यंत फायदा आणि पुढे नुकसान, तर स्पिअरमनही शून्याजवळ येऊ शकतो, म्हणून परत सांगतो ग्राफ बघा.

समाधानाचं म्हणाल तर 4 आणि 5 मधलं अंतर 1 आणि 2 मधल्याइतकंच आहे असं कुठे ठरलंय? तिथे क्रमच खरा. त्यात 120 जणांत उत्तरं पाचच, म्हणजे टाय (सारखीच उत्तरं, सारखाच नंबर) भरपूर, मी तरी केंडॉलचा टाऊ-बी घेतो, तोही क्रमच बघतो आणि टायचा हिशोब धरतो. तो सहसा स्पिअरमनपेक्षा लहान येतो, घाबरू नका.

ठिबक आणि उत्पन्नाला पॉइंट बायसिरियल, म्हणजे 0 आणि 1 घालून काढलेला पिअर्सनच.

तालुक्याला मात्र 1, 2, 3 कोड दिले असतील तर ते फक्त नाव आहे हो, त्यावर पिअर्सन किंवा स्पिअरमन अजिबात नको. तालुका आणि ठिबकचं क्रॉसटॅब (कोणत्या तालुक्यात ठिबकवाले किती, नसलेले किती असा तक्ता) करा, त्यावर काय स्क्वेअर (chi-square) काढा आणि त्यावरून नात्याचा जोर सांगणारा क्रॅमरचा व्ही, तो 0 ते 1 मध्ये येतो, प्लस-मायनस नसतं.

एक्सेलमध्ये करणार असाल तर कोरेल (CORREL) फंक्शन पिअर्सनच देतं, स्पिअरमनसाठी दोन्ही कॉलमला आधी रँक.एव्हीजी (RANK.AVG) लावा आणि त्या रँकवर कोरेल चालवा. रँक.ईक्यू (RANK.EQ) नको, टाय असले की उत्तर चुकतं.