गोंद डब्यातच का जमतो? सांगली-साताऱ्याच्या वाचकांना उत्तरं

पावसाळा लागला की गोंदाच्या तक्रारी वाढतात. कुठलाही गोंद कशामुळे घट्ट होतो हे आधी समजून घ्या. नेमकी तीच गोष्ट साठवताना त्याच्यापासून लांब ठेवायची, बाकी सगळं त्यातूनच सुचतं.

प्रश्न : फेविक्विक एकदा उघडलं की आठवड्यात दगड होतं. फ्रिजमध्ये ठेवावं का? (सातारा)

हा गोंद हवेतल्या ओलाव्याने जमतो, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये त्याचे सगळ्यात जास्त हाल होतात. न उघडलेल्या ट्यूबा फ्रिजमध्ये जरूर ठेवा. उघडलेली ट्यूब घट्ट झाकणाच्या बरणीत उभी ठेवा आणि सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाका. नव्या बुटांच्या खोक्यात निघतात त्या चालतील. फ्रिजमधून काढल्याकाढल्या ट्यूब उघडू नका. गार ट्यूबवर लगेच दव धरतं आणि सगळी मेहनत वाया जाते. हाताला गार लागेनाशी झाली की मगच टोपण काढा.

काम संपल्यावर तोंड वर धरून ट्यूबचं बूड टेबलावर हलकेच आपटा, म्हणजे नळीतला गोंद खाली उतरेल. टोक प्लॅस्टिकच्या तुकड्याने निपटा. सुती चिंधी अजिबात वापरू नका : हा गोंद सुतात मुरला की एकदम तापतो, बोट भाजू शकतं. आणि त्या बरणीत एपॉक्सीचा (अरल्डाइटसारख्या दोन ट्यूबा मिसळायच्या गोंदाचा) हार्डनर नको, त्याच्या वाफेनेही हा गोंद जमतो.

प्रश्न : आमचं पत्र्याचं शेड आहे. फेविकॉलच्या मोठ्या ड्रमवर साय धरते. पाणी घालून ढवळलं तर चालेल का? (कुपवाड)

साय ढवळू नका, अख्खी उचलून टाका. तिच्या गुठळ्या सांध्यात अडकल्या तर लाकूड लाकडाला टेकतच नाही.

पांढऱ्या गोंदातलं पाणी उडालं की तो घट्ट होतो. त्यामुळे ड्रम उन्हाच्या बाजूच्या पत्र्याला टेकून ठेवू नका. सावलीत, लाकडी फळ्यांवर ठेवा. रोजच्यापुरता गोंद प्लॅस्टिकच्या छोट्या बरणीत काढा आणि ड्रममधल्या गोंदावर पॉलिथिन चिकटेल असं अंथरून झाकण लावा. लोखंडी डबा नको. हा गोंद किंचित आम्लधर्मी असतो, त्यात लोखंड उतरतं आणि बाभळीसारख्या लाकडावर काळे डाग पडतात.

थोडाच दाटला असेल तर जरासं स्वच्छ पाणी चालतं, पण जितकं पाणी तितका सांधा कच्चा. आंबूस वास आला किंवा तारा सुटू लागल्या तर तो गोंद खुर्ची-पलंगाला लावू नका. शंका असेल तर दोन तुकडे चिकटवून दुसऱ्या दिवशी तोडून बघा. लाकूड फाटलं तर गोंद चांगला, सांधा सुटला तर फेकायचा.

प्रश्न : मी सतार-तंबोऱ्याचं काम शिकतोय. उस्ताद सरस हा गोंद वापरतात. भिजवलेला सरस दोन दिवसांत नासतो. (मिरज)

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. अशा ठिकाणी नवी मुलं सरस शिकताहेत याचा मला मनापासून आनंद आहे. ऊब आणि ओल दिली की सरसाचा सांधा पुन्हा सुटतो, म्हणून जुनं वाद्य न फोडता उघडता येतं.

कोरडा सरस वर्षानुवर्षं टिकतो, फक्त ओल, उंदीर आणि झुरळांपासून जपा. पत्र्याचा घट्ट डबा उत्तम. भिजवला की मात्र तो जनावराच्या कातड्या-हाडांचा पदार्थ आहे, नासणारच. त्या दिवसापुरताच भिजवा. उरला तर फ्रिजमध्ये काही दिवस राहतो. बर्फाच्या साच्यात गोठवून वड्या केल्या तर आणखी बरेच दिवस. तापवताना पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवा, साधारण 60 अंशांवर. उकळलात तर ताकद गेली. पुन्हापुन्हा तापवल्यानेही जाते.

प्रश्न : पुराच्या भीतीने एसआर 998 या रबरी गोंदाचे डबे माळ्यावर चढवतो. बरोबर आहे का? (सांगली)

2019 आणि 2021 पाहिलेल्या माणसाला हे सुचणं साहजिक आहे, पण पत्र्याखालचा माळा तापतो. या गोंदातला द्रावक भराभर उडतो, आणि तो पेट घेणारा आहे. एरवी डबे सावलीच्या भिंतीकडे, वेल्डिंग आणि शेगडीपासून दूर ठेवा. घरच्या फ्रिजमध्येही नकोत. आयर्विन पुलापाशी कृष्णेने 40 फुटांची इशारा पातळी गाठायच्या आतच ते हलवा. झाकणाची खाच पुसूनच बंद करा, नाहीतर वाफ सुटत राहते.

प्रश्न : अरल्डाइटची राळ पांढरी, रवाळ झाली. (महाबळेश्वर)

थंडीने गोठली आहे, खराब नाही. टोपण घट्ट लावून ट्यूब गरम पाण्यात ठेवा, रवा पूर्ण विरघळू द्या. टोपणांची अदलाबदल करू नका. राळ गार झाल्यावरच हार्डनर मिसळा. गरम असताना मिसळली तर लावायच्या आत जमेल.