कौटुंबिक सहलीत ड्रोनसाठी वेळ कसा काढावा?

नागपूरहून रामटेकला एका दिवसाची सहल करताना घरच्यांना ताटकळत न ठेवता ड्रोनने चांगली छायाचित्रे कशी घ्यावीत, असे आपण विचारले आहे. माझ्या अनुभवाप्रमाणे वेळ उड्डाणात कमी आणि जागेवरच्या तयारीत जास्त जातो. म्हणून बॅटऱ्या चार्ज करणे, मेमरी कार्ड रिकामे करणे आणि डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाच्या नकाशावर जागा उड्डाणाच्या कोणत्या विभागात येते ते तपासणे ही कामे आदल्या रात्रीच उरकावीत. नागपुरात ही तपासणी टाळूच नये, कारण ड्रोन नियम, २०२१ नुसार विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उड्डाण करता येत नाही, आणि सोनेगावचा विमानतळ शहराला इतका लागून आहे की अंबाझरी तलावही त्या कक्षेत येतो. हिरव्या, म्हणजे परवानगी न लागणाऱ्या विभागातही उंचीची मर्यादा १२० मीटर आहे.

दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात छायाचित्रे सपाट येतात, तेव्हा तो वेळ गडावरील दर्शनाला आणि जेवणाला मनापासून द्यावा. सूर्यास्ताच्या सुमारास, घरची मंडळी खिंडसी तलावाच्या काठी चहा घेत असताना, एकच बॅटरी वापरायची असे ठरवून, आधीच निश्चित केलेली तीन-चार दृश्ये टिपावीत. लहान ड्रोनला यासाठी वीसेक मिनिटे पुरतात. मुलांना घारींवर लक्ष ठेवायला सांगावे. घारी खरोखरच ड्रोनवर झेपावतात, आणि मुलेही या कामात रमतात.