वाचकांचे प्रश्न : फिशटँकच्या कॅनॉपीला झरोके

प्रश्न : चार फुटी टँकवर (४ × १.५ × १.५ फूट) मिस्त्रीकडून १२ मिमी प्लायची, सनमायका लावलेली कॅनॉपी (टँकवरचं पेटीसारखं झाकण) करून घेतली आहे. चारही बाजूंनी बंद, आत दोन एलईडी ट्यूब. एप्रिलपासून पाणी ३३-३४ अंशांवर जातं, मासे वर येऊन तोंड मारतात आणि प्लायला आतून काळी बुरशी धरली आहे. मिस्त्री म्हणतो, वरच्या फळीला ५० बारीक भोकं पाडून देतो. चालेल का? – एक वाचक, भुसावळ

उत्तर : पाडू नका. त्याऐवजी एक कॉम्प्युटर फॅन बसवा आणि मागे दोन खाचा पाडा. ८ मिमीच्या एका भोकाचं क्षेत्रफळ जेमतेम अर्धा चौ. सेंमी, म्हणजे ५० भोकं मिळून २५ चौ. सेंमी. १२० मिमीच्या कॉम्प्युटर फॅनचं एकच तोंड साधारण १०० चौ. सेंमी असतं. शिवाय वरून धूळ पडणार, आणि हवेला आत यायला वाट नसेल तर दमट हवा बाहेर तरी कशी जाणार?

टँक थंड होतो तो बाष्पीभवनाने. तुमच्या टँकमध्ये साधारण २०० लिटर पाणी धरलं, तर त्यातलं १ लिटर उडून जाताना जवळपास ३ अंशांइतकी उष्णता घेऊन जातं. खोलीतून उष्णता परत येत राहते, त्यामुळे सगळेच ३ अंश हाती लागत नाहीत. पण खानदेशातला मे महिना कोरडा. ज्या कारणाने इथे वाळ्याचा कूलर चालतो, त्याच कारणाने फॅनही चालेल. मात्र तो कूलर टँकच्या खोलीत, खिडक्या लावून चालवलात तर हवा आधीच ओली होईल आणि फॅन नुसता फिरत राहील.

फॅन एका टोकाला, हवा आत फेकेल असा बसवा. फ्रेमवर हवेच्या दिशेचा बाण असतो. बाहेर ओढणारा लावला तर सगळी वाफ त्याच्याच बेअरिंगमधून जाते आणि तो लवकर गंजतो. बाहेरची वाट मागच्या फळीत, वरच्या कडेला, फॅनपासून दूरच्या टोकाकडे. ३ सेंमी उंच, २५ सेंमी लांब अशा दोन खाचा, मध्ये ५ सेंमी फळी सोडून. मिळून १५० चौ. सेंमी होतात, जाळीने थोडी जागा खाल्ली तरी पुरे. फळीच्या कडेपासून ४ सेंमी आत राहा.

कापायच्या आधी कॅनॉपी टँकवरून उतरवून अंगणात न्या. प्लाय दोन-तीन दिवस उन्हात खडखडीत वाळवा आणि बुरशी घासून काढा. ओल्या प्लायवर कोटिंग मारलं तर ओल आतच कोंडते. खाचेच्या दोन्ही टोकांना ३० मिमीच्या होल-सॉने (ड्रिलला लागणारी गोल करवत) भोक पाडा आणि ती जिगसॉने (वर-खाली चालणारी विजेची करवत) जोडा. कोपरे गोल राहिले की सनमायका तिथून तडकत नाही. जिगसॉचं पातं वर येताना कापतं, म्हणून टवके वरच्या बाजूचे उडतात. सनमायका खाली ठेवा, रेषेवर मास्किंग टेप लावा, पातं बारीक दात्यांचं घ्या. फॅनसाठी ११५ मिमीचं वर्तुळ आणि स्क्रूची चार भोकं, मध्यापासून मध्यापर्यंत १०५ मिमी.

खरं काम यानंतर आहे, आणि नेमकं तेच टाळलं जातं. कापलेली कड म्हणजे प्लायचं उघडं तोंड. तिथून वाफ शिरते, थर फुगतात, सनमायका सुटते. १८० नंबरच्या पॉलिश पेपरने कड घासा. पीयूचा (पॉलियुरेथेन कोटिंगचा) पहिला हात पातळ करून मारा म्हणजे आत मुरेल, मग दोन घट्ट हात. आतल्या सगळ्या उघड्या प्लायलाही तेच. वास पूर्ण जाईपर्यंत, निदान आठवडाभर, कॅनॉपी टँकवर ठेवू नका.

झरोक्यांना आतून फायबरची मच्छरजाळी लावा, म्हणजे पाल पडणार नाही. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) जाळी नको. तिचं जस्त थेंबाथेंबाने पाण्यात उतरतं आणि माशांना बाधतं. स्क्रू स्टेनलेसचे. १२ व्होल्टचा फॅन ९ व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरवर चालवला तर आवाज कमी होतो. अ‍ॅडॅप्टर कॅनॉपीबाहेर ठेवा, आणि वायर प्लगकडे जाण्याआधी प्लगच्या खाली झोळ घेईल अशी सोडा, म्हणजे ओघळ सॉकेटात शिरणार नाही. लाइट गेली तर फॅन बंद पडणारच. तेव्हा समोरची झडप उघडून जाळी टाका.

प्रश्न : असाच फॅन लावल्यापासून दोन दिवसांत पाणी १ सेंमी उतरतं. टँक गळतोय का? बोअरचं पाणी भरू का? – एक वाचक, धुळे

उत्तर : चार फुटी टँक असेल तर १ सेंमी म्हणजे ५ लिटरांहून थोडं जास्त. फॅनखाली, उन्हाळ्यात, इतकं उडू शकतं. खात्री हवी असेल तर दोन दिवस फॅन बंद ठेवून काचेवर खूण करा. उडतं ते फक्त पाणी. क्षार मागेच राहतात. त्यात जड बोअरचं पाणी भरत गेलात तर दर भरणीला जडपणा वाढतो आणि काचेवर पांढरी रेघ चढते. उडालेल्या पाण्यापुरतं आरओचं भरा. आठवड्याला पाणी बदलता तेव्हा नेहमीचं वापरा. आणि भरायचं ते सकाळी. दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला हात लावू देत नाही.