दुपारी शॉर्टवेव्ह रेडिओ अचानक मुका होतो, एफएम मात्र ठणठणीत. सेट बिघडला का?

उत्तर: खानापूरकर, सेट उघडायची घाई करू नका. सूर्यावर मोठी ज्वाला उफाळली की तिचे क्ष-किरण साधारण ८ मिनिटांत इथं पोचतात आणि ६० ते ९० किलोमीटर उंचीवरचा हवेतला विद्युतभारित थर, म्हणजे डी-थर, एकदम दाट होतो. शॉर्टवेव्ह वर जाऊन त्याच्याही वरच्या अशाच एफ-थरावरून परतते, पण वाटेतच हा डी-थर तिला गिळतो. खालच्या फ्रिक्वेन्सीला फटका जास्त. एफएमला आभाळाची गरजच नसते, लहरी मनोऱ्यावरून सरळ येतात.

१० मे २०२४ ला आपल्याकडे दुपारी साडेबाराच्या आसपास अशीच मोठी ज्वाला झाली होती.

ओळखायचं कसं? वळवाची वीज किंवा शेजारचा पाण्याचा पंप असेल तर खरखर वाढते. सूर्याच्या वेळी दूरची खरखरसुद्धा मावळते, कापूस कोंबल्यागत. मग ४१ मीटरचा पट्टा सोडून १९ किंवा १६ मीटरवर (मीटर कमी, तशी फ्रिक्वेन्सी जास्त) काटा न्या, तिथं आवाज आधी परततो. बहुतेकदा तासाभरात सगळं जाग्यावर. रात्री मात्र असा मुका झाला, तर ज्वालेला बोल लावू नका. आधी सेल बघा.