मध्य अमेरिकेतल्या खेड्यांत परदेशी चर्चच्या मदतीने शिक्षणाला खरंच हातभार लागतो का?

लागतो, पण काम गावाच्या भाषेत झालं तरच. ग्वाटेमालातलं सांतियागो आतित्लान बघा. अमेरिकेतल्या ओक्लाहोमाच्या कॅथलिक धर्मप्रांताने १९६४ मध्ये तिथे मिशन सुरू केलं. गाव त्झुतुहिल बोलणारं, सरकारी कारभार स्पॅनिशमध्ये. मिशनने त्झुतुहिल लिहिती व्हायला मदत केली, रेडिओवरून साक्षरतेचे धडे घरोघरी पोचवले. ज्या घरात पुस्तक नाही तिथेही आवाज पोचतो, म्हणून मला हे काम फार मोलाचं वाटतं. १९६८ मध्ये आलेले फादर स्टॅनली रॉदर स्वतः ती भाषा शिकले. ग्वाटेमालातल्या यादवी युद्धात असं कामही लष्कराच्या नजरेत संशयास्पद ठरलं. जिवाला धोका म्हणून १९८१ च्या सुरुवातीला ते मायदेशी गेले, पण काही महिन्यांतच गावाकडे परतले. २८ जुलैला त्यांची हत्या झाली.