कोळसा नायट्रोजन ‘शोषतो’ का?

मुलुंडच्या एका विद्यार्थिनीने विचारलंय. प्रकल्पाच्या मराठी गोषवाऱ्यात तिने लिहिलं, ‘कोळशाची पूड नायट्रोजन शोषते, त्यावरून तिचा पृष्ठभाग मोजतात.’ मार्गदर्शकांनी ‘शोषते’ खोडून ‘अधिशोषण करते’ केलं. एवढी गरज होती का?

होती. साबुदाणा पाणी शोषतो तेव्हा पाणी आत मुरतं, दाणा फुगतो. इथे वायू आत मुरत नाही. छिद्रांच्या आतल्या भिंतींसकट सगळ्या पृष्ठभागावर नुसता बसतो. हाच भेद दाखवायला हाइनरिख कायझर या जर्मन शास्त्रज्ञाने १८८१ मध्ये ‘अ‍ॅडसॉर्प्शन’ हा शब्द वापरला. आपला ‘अधि’ म्हणजे वर: अधिष्ठान, अधित्यका. छान जमलाय. कुरबुर आहे ती ‘शोषणा’बद्दल. मूळ धातू ‘शुष्’, सुकणे. घशाला शोष पडतो तो यातलाच. शिवाय लालबागेत वाढलेल्या माझ्यासारख्याला ‘शोषण’ म्हटलं की गिरणीच्या फाटकावरची सभाच आठवते. पण संज्ञा रुळलीय, राहू द्या. क्रियापद मात्र घरचं घ्या: थर बसतो.

आमच्या चाळीतले रंगारी म्हणायचे, ‘एक हात झाला, दुसरा बाकी.’ एका हाताला किती रंग लागला आणि लिटरभर रंगात किती भिंत झाकते हे ठाऊक असेल, तर टेप न लावता भिंतीचं माप निघतं. प्रयोगशाळेत हेच चालतं. नमुना निर्वातात तापवून साफ करायचा, द्रव नायट्रोजनच्या उणे १९६ अंशांना ठेवायचा आणि वायू थोडा थोडा सोडत, कुठल्या दाबाला किती बसला ते टिपायचं. एक रेणू ०.१६२ चौरस नॅनोमीटर जागा अडवतो असं धरतात. पंचाईत ही की पहिला हात पुरा व्हायच्या आत दुसरा चढू लागतो. त्यातून पहिल्याचा हिशेब वेगळा काढणारं समीकरण ब्रुनॉवर, एमेट आणि टेलर यांनी १९३८ मध्ये मांडलं. चांगल्या सक्रियित, म्हणजे मुद्दाम बारीक छिद्रं पाडलेल्या, कोळशाच्या एका ग्रॅमला हजारेक चौरस मीटर भरतात, म्हणजे साडेचारशे चौरस फुटांची तेवीस-चोवीस घरं. चिमूटभर पुडीत एवढं चटईक्षेत्र!

मार्गदर्शकांच्या नजरेतून एक सुटलं. मोजतात ते ‘पृष्ठफळ’. ‘पृष्ठभाग’ ही जागा झाली. शाळेत वृत्तचितीचं पृष्ठफळ काढलं होतं ना? दर ग्रॅममागे असेल तर ‘विशिष्ट पृष्ठफळ’. आणि ‘सछिद्रता’ नको, ‘सच्छिद्रता’ लिही. ऱ्हस्व स्वरापुढच्या ‘छ’ला ‘च’ जोडला जातो, ‘परिच्छेद’मध्ये जोडलाय तसा.

पावसाळ्यात पापड सादळतात त्यात मात्र दोन्ही आलं, बसणंही आणि मुरणंही. ‘सादळणे’ला शास्त्रीय प्रतिशब्द मला अजून सुचलेला नाही.